टेम्प्लेट तेच, जॉब नवा, आणि बॅक पुन्हा बसत नाही

कॅबिनेटच्या सॉफ्टवेअरमधलं जे टेम्प्लेट मागच्या किचनला चाललं, तेच नव्या किचनला लावलं. स्क्रीनवर सगळं चोख जुळलं, कटलिस्ट (कापायच्या मापांची यादी) निघाली, पीस कापून झाले, एजबँड म्हणजे कडेची पट्टीही लागली. मग जोडणीच्या टेबलावरून हाक येते, "बेन, आ पाछळनुं बेसतुं नथी!" म्हणजे, ताई, हे मागचं बसत नाही. कधी बॅकचा पीस खाचेत शिरत नाही, कधी शटरं (दारं) एकमेकांना घासतात, कधी पाच कपाटांची रांग भिंतीमधल्या जागेत मावत नाही. मिस्त्रीकाका रंधा काढतात, चार हात मारतात, बसवून देतात. पुढच्या जॉबला पुन्हा तेच रडगाणं.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आणि आसपासच्या मॉड्युलर वर्कशॉपना कॅबिनेटचं सॉफ्टवेअर लावून देणं, त्यातली टेम्प्लेटं बांधून देणं हे माझं रोजचं काम आहे. सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. आणि बहुतेक ठिकाणी ती वर्षानुवर्षं तशीच चालू असते, कारण रंधा मारून मिटलेली चूक ऑफिसपर्यंत पोचतच नाही. डिझाइन करणाऱ्याला वाटतं जॉब नीट गेला. मिस्त्रीला वाटतं कॉम्प्युटरची मापं अशीच असतात. चूक मात्र टेम्प्लेटमध्ये जागच्या जागी असते आणि प्रत्येक नव्या किचनमध्ये तिची नक्कल उतरते. बोल मात्र ज्याने ती हाताने सावरली त्यालाच बसतो, आणि हे मला फार खटकतं.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की धरा. बांधणीचं टेम्प्लेट म्हणजे जोड कसा करायचा याचा नियम. बॉटम दोन साइडच्या मध्ये बसणार की साइड बॉटमवर उभ्या राहणार, वर अख्खा टॉप की दोन पट्ट्या, बॅक खाचेत की मागून ठोकलेला, शेल्फला बाजूने किती सूट, दोन शटरांमध्ये किती फट, हे सगळं टेम्प्लेटने सांगावं. बोर्ड किती जाड आहे हे मटेरिअलच्या नोंदीने सांगावं. चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीला) किती जागा लागते हे हार्डवेअरच्या नोंदीने सांगावं. कॅबिनेट व्हिजनमध्ये याला कन्स्ट्रक्शन मेथड म्हणतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरांत नावं वेगळी आहेत, पण ही तीन घरं सगळीकडे असतात. एका घरातला आकडा दुसऱ्या घरात जाऊन बसला की दुखणं सुरू होतं, आणि मटेरिअल किंवा हार्डवेअर बदलेपर्यंत ते दिसत नाही.

चूक किती मिलिमीटरची, ते आधी मोजा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वर्नियर कॅलिपर आणि टेप घेऊन खाली जोडणीच्या टेबलावर जा. टेम्प्लेटमध्ये अंदाजाने आकडे बदलत बसलात तर एक चूक दबते आणि दुसरी वर येते.

तीन ठिकाणी ताडून बघायचं. कटलिस्टमधलं माप आणि कापलेला पीस जुळतात का? एजबँड लावल्यावर पीस तयार मापाचा होतो का? आणि जोडलेल्या पेटीचं बाहेरचं माप ड्रॉइंगशी जुळतं का? पहिल्यांदा जिथे फरक पडला, दोष तिथे किंवा त्याच्या लगेच आधी आहे. पहिल्याच ठिकाणी फरक आला तर टेम्प्लेटला हात लावू नका, कापणी तपासा. पॅनल सॉच्या (शीट कापणाऱ्या करवतीच्या) ब्लेडची जाडी ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे शीटवर पीस मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कमी टाकलेली असेल तर शीटमधले बाकीचे पीस बरोबर निघतात आणि प्रत्येक पट्टीतला शेवटचाच आखूड भरतो. असं दिसलं की शोध तिथेच संपला.

पुढचे दोन जुळत नसतील तर फरकाचा आकडा आणि त्याची वागणूक बघा. ३०० मिमीच्या कपाटातही तेवढाच फरक आणि ९०० च्या कपाटातही तेवढाच, तर कारण जाडी किंवा एजबँड. काही कपाटं बरोबर आणि काहीच चुकलेली, तर कोणीतरी त्या कपाटांत हाताने आकडा टाकला आहे. फक्त ड्रॉवर अडतोय, तर चॅनेल. रांग जितकी लांब तितका फरक वाढत चाललाय, तर प्रत्येक पेटीतली बारीक चूक साचते आहे आणि तिला कपाटांच्या संख्येने भागलं की खरा आकडा हाती येतो. हा आकडा चोराच्या पायाच्या ठशासारखा असतो, तो १.२ आहे की १.६ की ४, यावरूनच घर सापडतं.

१८ म्हणून आलेली शीट १८ नसते

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा ६०० रुंदीचं कपाट आहे आणि बॉटम दोन साइडच्या मध्ये बसतो. टेम्प्लेट बनवणाऱ्याने बॉटमचं सूत्र लिहिलं, रुंदी वजा ३६. उत्तर ५६४. अठरा आणि अठरा छत्तीस, गणित बरोबर, आणि त्या दिवशी गोदामात असलेला प्री-लॅम (लॅमिनेट लागूनच आलेला) बोर्ड खरंच १८ चा होता, त्यामुळे कपाटही बरोबर आलं. इथून पुढे हे टेम्प्लेट "चाललेलं टेम्प्लेट" म्हणून सगळीकडे वापरलं जातं.

नव्या जॉबला ग्राहकाने प्लाय मागितला. गठ्ठ्यातली शीट कॅलिपरला १७.४ भरते. सॉफ्टवेअरला पत्ता नाही, बॉटम ५६४ चाच कापला जातो. जोडल्यावर पेटी ५६४ अधिक ३४.८ म्हणजे ५९८.८ होते. एका पेटीला १.२ मिमी कमी, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण अशी पाच कपाटं रांगेत लावली की ३००० ची रांग २९९४ वर येते. शटरं मात्र ६०० धरून ५९७ ची कापलेली आहेत. दोन शटरांमध्ये ठेवलेली ३ मिमीची फट १.८ वर आली. बिजागरी किंचित सरकली की शटर शेजाऱ्याला घासायला लागतं. मग मिस्त्री तासभर बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवत बसतो आणि दोष बिजागरीवर जातो.

प्लायवर मायका चढवला तर उलटं होतं. प्लाय १७.६, आत ०.८ चा लायनर (आतल्या बाजूचा पातळ थर), बाहेर १ चा मायका, झाले १९.४. गोंदाचा थर वेगळाच. बॉटम अजून ५६४. पेटी ६०२.८, पाचांची रांग ३०१४. दोन भिंतींमधल्या ३००० च्या जागेत ती जाणारच नाही आणि इथे रंधाही उपयोगाचा नाही. सूत्र "रुंदी वजा दोन साइडची जाडी" असतं आणि जाडीत १९.४ भरलेले असते, तर बॉटम आपोआप ५६१.२ निघाला असता आणि पेटी ६०० ची झाली असती.

आता बॅककडे या, कारण फोन बॅकसाठी येतो आणि दोष बॅकमध्ये जवळपास कधीच नसतो. साइडमध्ये ८ मिमी खोल खाच आहे. बॅकची रुंदी आतल्या ५६४ मध्ये दोन्ही खाचांचे १६ मिळवून आणि १ मिमी सूट वजा करून ५७९ निघते. खाच सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापणी मशीनवर, पडते. मशीनचा झेड शून्य (उंची जिथून मोजतात ती जागा) जर बेडवर, म्हणजे बोर्डच्या खालच्या बाजूला, ठेवलेला असेल तर मशीन "वरून ८ खोल जा" असं ऐकत नाही. ते ऐकतं "खालून १० वर थांब", कारण सॉफ्टवेअरने १८ मधून ८ वजा केले आहेत. बोर्ड १७.४ चा असला की खाच ७.४ च पडते. दोन खाचा मिळून १४.८, आत ५६४, बॅकला जागा ५७८.८. पीस ५७९ चा. ०.२ मिमीसाठी तो अडतो आणि हातोडी चालते. १९.४ च्या बोर्डला हीच खाच ९.४ खोल जाते, आणि तोच ५७९ चा पीस जवळजवळ ४ मिमी सैल होऊन खडखडतो. एकाच टेम्प्लेटमधून कधी घट्ट, कधी सैल बॅक का निघतो याचं उत्तर हे. तो पीस तासून काही होणार नाही, साइडची जाडी नीट नोंदवली पाहिजे.

शून्य वर, बोर्डच्या माथ्यावर, ठेवणाऱ्यांना खाच बरोबर मिळते, पण जाड बोर्ड आला की आरपार काप खालपर्यंत पोचत नाही आणि पीस शीटमधून सुटतच नाही. पातळ आला की कटर खालच्या स्पॉइलबोर्डमध्ये जास्त घुसतो. म्हणजे जाडी चुकली की शून्य कुठेही ठेवा, कुठेतरी दिसणारच. मिनिफिक्सच्या (दोन पीस आवळून धरणाऱ्या फिटिंगच्या) कॅमचं भोक उथळ पडून कॅम पृष्ठभागाच्या वर राहतो, तेही याच्यातलंच.

खाचेची रुंदी हा शेवटचा अडसर. ६ च्या प्लायला ६.५ ची खाच ठीक. पण बॅकला दोन्ही बाजूंनी लायनर चढवला तर तो साडेसातच्या पुढे जातो आणि ६.५ च्या खाचेत शिरण्याचा प्रश्नच नाही. ही रुंदीसुद्धा "बॅकची जाडी अधिक अर्धा" अशी बांधायची, आकडा ठोकायचा नाही. तेवढ्या व्यासाचा कटर नसेल तर दोन फेऱ्यांत काढायची.

उपाय करताना क्रम पाळा. टेम्प्लेटमधल्या प्रत्येक सूत्रात १८, ३६, १९ असे सुटे आकडे शोधा आणि त्या जागी जाडीचं नाव टाका. मग मटेरिअलच्या नोंदी वेगळ्या करा. प्री-लॅम १८ ही एक, साधा प्लाय ही दुसरी, दोन्ही बाजूंनी मायका लावलेला प्लाय ही तिसरी, आणि प्रत्येकीत खरी मोजलेली जाडी. नाव हवं तर "१८ प्लाय" असू दे, ऑर्डर देताना सोयीचं पडतं. जाडीच्या रकान्यात मात्र कॅलिपरचाच आकडा. नवीन गठ्ठा आला की तीन-चार शीट्स कडेला चार ठिकाणी मोजा, सरासरी टाका. लायनर आणि मायका लावायचा असेल तर आधी एक तुकडा दाबून, सुकवून मग मोजा, कागदावर बेरीज करू नका.

बडोद्यात हा प्रश्न गेल्या काही काळात वाढलेला मला दिसतो, त्याला एक कारण आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. तळमजल्यावर ज्यांची किचनं भिजून फुगली, त्यांनी नवीन किचन करताना खालच्या कपाटांना डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा) किंवा पीव्हीसी बोर्ड आणि वरच्यांना प्लाय, अशी मागणी सुरू केली. मागणी अगदी रास्त आहे. पण एका किचनमध्ये दोन जाड्या आल्या की आकडे ठोकलेलं टेम्प्लेट लगेच उघडं पडतं. खालची रांग आणि वरची रांग एका रेषेत येत नाहीत. शिवाय या बोर्डांत स्क्रूची पकड प्लायसारखी नसते, त्यामुळे जोड बदलावा लागतो. इथे जाडी बदलून भागणार नाही, जोडाचा नियमच वेगळा आहे, म्हणून टेम्प्लेटही वेगळं करा. नवं टेम्प्लेट केव्हा करायचं याची माझी कसोटी इतकीच आहे. जोड बदलला तर नवं टेम्प्लेट. फक्त जाडी, रंग किंवा माप बदललं तर नाही. ही कसोटी न लावल्यामुळे काही वर्कशॉपांत टेम्प्लेटांची यादी स्क्रीनच्या खाली उतरलेली असते, आणि त्यातलं कोणतं बरोबर आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

वर बदललं, खाली उतरलं नाही

दुसरं दुखणं असं. तुम्ही सूत्र सुधारलं, सेव्ह केलं, जॉब पुन्हा उघडला आणि कटलिस्टमध्ये जुनीच मापं. किंवा चौदा कपाटांपैकी अकरा बदलली, तीन तशीच.

सगळी कपाटं जुनीच राहिली असतील तर घाबरू नका. बरीच सॉफ्टवेअर्स जॉब सुरू करताना टेम्प्लेटची एक प्रत जॉबच्या आत ठेवतात. लायब्ररीत नंतर केलेला बदल त्या प्रतीत जात नाही, आणि हे मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर अर्धं किचन कापून झाल्यावर उरलेल्याची मापं बदलली असती. अशा वेळी जॉबच्या आत जाऊन टेम्प्लेट पुन्हा लावावं लागतं. स्केचअपवर काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. एका फाइलमध्ये कॉम्पोनंट बदलला की त्या फाइलमधल्या त्याच्या सगळ्या प्रती बदलतात, पण कालच्या फाइलमध्ये गेलेला कॉम्पोनंट कालचाच असतो. तो पुन्हा लोड केल्याशिवाय बदलत नाही.

काहीच कपाटं अडून बसली असतील तर तिथे हाताने टाकलेला आकडा आहे. मापं वरून खाली वाहत येतात, कंपनीच्या मूळ सेटिंगमधून जॉबमध्ये, जॉबमधून खोलीत, खोलीतून कपाटात, कपाटातून एकेका पीसमध्ये. मधे कुठेही कोणी आकडा टाइप केला की तिथून खालचा प्रवाह बंद. ग्राहक समोर बसलेला असतो, म्हणतो हे कपाट जरा खोल करा, डिझायनर त्या कपाटात खोली ५६० च्या जागी ५८० टाकतो. त्या जॉबपुरतं बरोबर. पण मग तेच कपाट आवडलं म्हणून लायब्ररीत सेव्ह होतं, किंवा पुढच्या जॉबमध्ये कॉपी-पेस्ट होतं, आणि तो दडलेला आकडा बरोबर जातो. पुन:पुन्हा येणाऱ्या चुकांचा हा सगळ्यात चोरटा रस्ता आहे.

हे आकडे एकेक कपाट उघडून शोधायला गेलात तर दिवस जाईल. त्याऐवजी जॉबची प्रत काढा आणि त्या प्रतीत सगळ्यात वरचा एक आकडा मुद्दाम अशक्य करा. स्कर्टिंग (कपाटाखालच्या पट्टीची उंची) १०० असेल तर ३०० करा. थ्रीडीमध्ये सगळी कपाटं उंच पायांवर चढतील आणि ज्यांच्यात आकडा दडला आहे ती जमिनीलगतच राहतील, एका नजरेत. मग कारकासची, म्हणजे पेटीच्या बोर्डची, जाडी ४० करा. जे बॉटम आखूड झाले नाहीत त्यांच्या सूत्रात ३६ ठोकलेले आहेत. मग बॅक २५ करा. मग शटरची फट २०. प्रत्येक वेळी जे हललं नाही ते लिहून घ्या. नवं टेम्प्लेट कुणाकडूनही आलं, मित्राने दिलं, सॉफ्टवेअरबरोबर मिळालं, तरी मी ही तपासणी केल्याशिवाय त्यावर एकही शीट कापू देत नाही, आणि तुम्हीही देऊ नये असं मनापासून वाटतं. काम संपलं की ती प्रत डिलीट करा. ३०० स्कर्टिंगची फाइल चुकून मशीनवर जाता कामा नये.

सापडलेल्या कपाटात आकडा पुसायचा म्हणजे तिथे योग्य आकडा टाइप करायचा नाही. आज बरोबर असलेला आकडाही टाइप केला की प्रवाह पुन्हा अडला. "मूळ सेटिंगवर परत" अशा अर्थाचा पर्याय असतो, तोच वापरायचा.

एजबँड दोनदा वजा

शटरचं तयार माप ५९७. दोन्ही बाजूंना २ मिमीचा बँड. म्हणजे कापायचं माप ५९३. ही वजाबाकी कोणीतरी एकानेच करायची आहे, सॉफ्टवेअरने नाहीतर ऑप्टिमायझरने. दोघांनीही केली की पीस ५८९ कापला जातो आणि बँड लावून ५९३ चा तयार होतो. फरक बरोबर ४, म्हणजे बँडच्या दुप्पट. ०.८ चा बँड असेल तर १.६. असा आकडा दिसला की लगेच कटलिस्टच्या एक्स्पोर्टमध्ये बघा, माप तयार मापाने जातंय की कापायच्या मापाने, आणि ऑप्टिमायझर काय समजून घेतोय.

प्री-मिलिंगवाल्या एजबँडरने यात भर घातली आहे. ते मशीन बँड लावण्याआधी कड तासून साफ करतं. समजा एका बाजूला १ मिमी तासतं, तर कापताना तेवढा वाढवून कापायला हवा. वाढवलं नाही तर दोन्ही बाजूंना बँड असलेला पीस २ मिमी कमी भरतो आणि फक्त पुढून बँड असलेल्या शेल्फची खोली १ मिमी कमी. ज्या कडेला बँड नाही तिथे फरक शून्य. हीच त्याची खूण, आणि जाडीच्या चुकीपासून ती इथेच वेगळी ओळखता येते. हा आकडा टेम्प्लेटमध्ये घालू नका. तो मशीनचा आहे, मशीनच्या किंवा बँडच्या नोंदीत जाऊ दे. उद्या वर्कशॉपने मशीन बदललं, किंवा गर्दीच्या दिवसांत बँडिंग बाहेरून करून घेतलं, तर एका जागी बदलून काम होईल.

ड्रॉवर, इंच आणि भिंती

साध्या टेलिस्कोपिक चॅनेलला एका बाजूला १२.७ मिमी जागा लागते, म्हणून ड्रॉवरची पेटी आतल्या रुंदीपेक्षा २५.४ ने कमी, आणि हात सैल ठेवून २६. "वजा २६" टेम्प्लेटमध्ये ठोकलं की अंडरमाउंट (ड्रॉवरच्या खालून बसणारं) सॉफ्ट क्लोज चॅनेल आल्यावर फसायला होतं. तिथे बऱ्याच चॅनेलांचा हिशेब ड्रॉवरच्या आतल्या मापावर असतो, कपाटाच्या आतल्या रुंदीतून ४२ वजा. बाहेरचं माप मग ड्रॉवरच्या साइड किती जाड आहेत यावर ठरतं. १६ च्या साइड असतील तर पेटी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा १० ने कमी, १२ च्या असतील तर १८ ने. शिवाय अनेक अंडरमाउंट चॅनेलं १६ पेक्षा जाड साइड घेतच नाहीत, त्यामुळे कारकासचाच उरलेला १८ चा तुकडा तिथे वापरता येत नाही. चॅनेलबरोबर आलेला कागद उघडून आकडे हार्डवेअरच्या नोंदीत भरा आणि टेम्प्लेटने ते तिथून उचलावेत.

परदेशी लायब्ररीतून घेतलेलं टेम्प्लेट असेल तर त्यातला पाऊण इंच आधी शोधा. पाऊण इंच म्हणजे १९.०५, आपला बोर्ड १८, दोन साइडचे मिळून २.१ मिमी गेले. शेल्फपिनच्या भोकांमध्ये ३२ मिमीऐवजी सव्वा इंच धरलेला असेल तर तो ३१.७५ असतो. एका भोकाला पाव मिलिमीटर काहीच वाटत नाही, पण दहा टप्प्यांनंतर अडीच मिमीचा फरक पडतो आणि आधीच भोकं पडलेलं हार्डवेअर बसत नाही. फाइल मिलिमीटरमध्ये बदलली म्हणजे आतले आकडे गोल होतात असं नाही, ते दशांशात लपून राहतात.

आणि सगळ्याच चुका टेम्प्लेटच्या नसतात, हेही सांगायला हवं. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात कपाट बसवायचं असेल तर भिंत खाली एका मापाची, वर दुसऱ्या मापाची. भायलीच्या नव्या फ्लॅटमध्येही प्लास्टरचा कोपरा काटकोनात असेलच असं नाही. अशा ठिकाणी रांग अडली म्हणून टेम्प्लेटमध्ये रुंदी ५ मिमी कमी करून ठेवणारे मी पाहिले आहेत, आणि मग पुढच्या सरळ भिंतीच्या घरात ५ मिमीची फट पडते. भिंतीचा वाकडेपणा भिंतीजवळच सोडवावा. दोन्ही टोकांना फिलर पट्टी द्या, ती थोडी रुंद कापा आणि साइटवर भिंतीच्या रेषेने तासू द्या. रंध्याचं खरं काम तिथे आहे, आणि चांगला मिस्त्री ते इतकं सुबक करतो की फट शोधून सापडत नाही.

एक कपाट चाचणीचं

सगळं दुरुस्त केल्यावर एक कपाट प्रत्यक्ष कापून बघा. ६०० रुंद, ७२० उंच, ५६० खोल, एक शेल्फ, एक ड्रॉवर, एक शटर, खाचेतला बॅक. महागडा बोर्ड नको, पण ज्या मटेरिअलची नोंद तपासायची त्याचाच बोर्ड हवा. जोडा, बाहेरून मोजा, कर्ण मोजा, ड्रॉवर ओढून बघा, बॅक हातानेच सरकतो का बघा. ते मिस्त्रीकडूनच जोडून घ्या आणि "काका, कुठे जोर लावावा लागला?" एवढंच विचारा. त्यांना पहिल्याच पीसला जे कळतं ते आपल्याला स्क्रीनवर दिसत नाही. वर्कशॉपमध्ये एक वही ठेवा. ज्या पीसवर रंधा मारावा लागला त्याचा लेबल नंबर आणि किती तासला, एवढीच नोंद. ज्या वर्कशॉपांनी ही वही खरोखर चालवली तिथून मला येणारे फोन कमी झाले आहेत.

टेम्प्लेटच्या नावात ग्राहकाचं आडनाव नको, "फायनल", "नवीन फायनल" नको. जोडाचा प्रकार आणि शेवटचा बदल केल्याची तारीख, पुरे. बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांनी वापरावं. जुनं टेम्प्लेट पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, कारण सहा महिन्यांनी तोच ग्राहक एक शटर बदलायला येतो आणि ते जुन्याच मापाने लागतं.

राहता राहिला प्रश्न, जॉब अर्धा कापून झाल्यावर चूक सापडली तर काय. तेव्हा टेम्प्लेट पुन्हा लावू नका, अख्ख्या जॉबची मापं बदलतील आणि कापलेले पीस वाया जातील. कापलेल्या साइड आणि बॉटम मोजा. पेट्या ५९८.८ च्या होणार असतील तर जॉबच्या त्या प्रतीत कपाटाची रुंदी ५९८.८ करा, म्हणजे शटरं त्या रुंदीवर नव्याने निघतील आणि फट पुन्हा ३ ची येईल. उरलेले ६ मिमी शेवटच्या फिलरला द्या. बॅक अजून कापले नसतील तर एका साइडमधली खाच प्रत्यक्ष किती खोल पडली ते मोजून रुंदी त्यावरून काढा. कापले असतील तर सगळे बॅक एकदमच पॅनल सॉवर १ मिमीने उतरवा, एकेक करून टेबलावर तासू नका. आणि जॉबच्या नावापुढे "मापं बदलली" असं लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी यातलं कपाट कॉपी करणार नाही.